अटीतल्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हेही शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खरीप हंगाम उताराला लागला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून काही ठरावीक बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. अमुक महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाल्याने अतिवृष्टीची नोंद झाली, तमुक तालुक्यातील गावांची नजरअंदाज पैसेवारी (नेहमीच्या उत्पन्नाच्या तुलनेत पीक किती आले याचा अंदाज) ५० पैशांपेक्षा कमी आली, पिकांचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असल्याने शेतकरी मदतीस पात्र ठरले. या प्रत्येक बातमीच्या मुळाशी एक तुलना असते. नोंदवलेला आकडा एका बाजूला, ठरवून दिलेली मर्यादा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ‘पेक्षा जास्त’, ‘पेक्षा कमी’ किंवा ‘इतके वा अधिक’. अशा लांबलचक याद्या आता संगणकावर तयार होतात, आणि त्यांतील ओळीमागून ओळ वाचून प्रत्येकीला शेरा लावण्याचे काम एखादी छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रामही करू शकतो. ज्या मुलामुलींना आपण आज पदवी आणि पदविकेच्या वर्गांत स्क्रिप्टिंग शिकवतो, त्यांच्यापैकीच कुणीतरी उद्या तशी स्क्रिप्ट लिहिणार आहे. म्हणून अटीतली तुलना प्रत्यक्षात कशी चालते हा विषय वर्गाबाहेरच्या वाचकांपुढेही यावा, असे मला मनापासून वाटते.

पाठ्यपुस्तकात हा भाग बहुधा एका तक्त्यात संपतो. <, >, <=, >=, == आणि != अशी सहा चिन्हे, प्रत्येकाचा अर्थ आणि एकेक उदाहरण. दोन बाजूंची मूल्ये घेऊन प्रत्येक चिन्ह ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच उत्तर देते आणि ‘इफ’ (म्हणजे ‘जर’) त्या उत्तरावरून पुढची वाट ठरवतो. तक्त्यात चूक काहीच नाही. पण त्यातली उदाहरणे ५ आणि ३ अशा सुट्या संख्यांची असतात. स्क्रिप्टच्या हाती येणारा डेटा मात्र फाइलमधून, वेबवरच्या फॉर्ममधून किंवा दुसऱ्या प्रोग्रामच्या आउटपुटमधून येतो, आणि पुष्कळदा तो संख्येसारखा दिसणारा मजकूर असतो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना कोणत्या प्रकारची मूल्ये आहेत आणि प्रोग्रामिंगची भाषा कोणती आहे, यावरच ते चिन्ह काय करणार हे ठरते. तक्त्यात नेमके हेच नसते.

एक उदाहरण सविस्तर सांगते. (या पत्रातले आकडे देवनागरीत असले, तरी स्क्रिप्टमध्ये ते इंग्रजी अंकांत असतात असे वाचकांनी समजावे.) एका मंडळात ११२ मिलिमीटर पाऊस झाला, दुसऱ्यात ७ मिलिमीटर, आणि मर्यादा आहे ६५. संख्या म्हणून तुलना केली तर पहिले मंडळ अतिवृष्टीत येते, दुसरे येत नाही. पण दोन्ही बाजूंना मजकूर असेल, म्हणजे प्रोग्रामिंगच्या भाषेत स्ट्रिंग असेल, तर तुलना शब्दकोशात शब्द लावावेत तशी पहिल्या अक्षरापासून होते. ‘१’ हे अक्षर ‘६’ च्या आधी येते, म्हणून "११२" हा मजकूर "६५" पेक्षा लहान ठरतो. ‘७’ हे अक्षर ‘६’ च्या नंतर येते, म्हणून "७" हा मजकूर "६५" पेक्षा मोठा ठरतो. ज्या मंडळात शेतात पाणी साचून सोयाबीन कुजले ते यादीतून गळते आणि जिथे जेमतेम एक सर पडली ते यादीत येते. अशा वेळी स्क्रिप्ट अडखळत नाही, एरर दाखवत नाही. शेवटपर्यंत चालते आणि व्यवस्थित दिसणारी फाइल तयार करते. माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे, की चुकलेली तुलना बाहेरून बरोबर तुलनेसारखीच दिसते.

आता हीच अट वेगवेगळ्या भाषांत काय करते ते पाहण्यासारखे आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केलेल्या जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत < आणि > यांच्या एका बाजूला संख्या असेल तर दुसऱ्या बाजूचा मजकूर आपोआप संख्येत बदलला जातो. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर अक्षरांची तुलना होते. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘पाऊस > ६५’ असे थेट लिहिले असेल तर फाइलमधून आलेला "११२" हा मजकूरही बरोबर तपासला जातो. पुढे कुणीतरी सुधारणा करते आणि मर्यादा साहेबांना स्वतः बदलता यावी म्हणून ती फॉर्मच्या चौकटीतून घेऊ लागते. चौकटीतून येणारे मूल्य मजकूरच असते. अटीतले चिन्ह तेच राहिले, पावसाची फाइलही तीच राहिली, तरी उत्तर उलटे झाले. हा बारकावा ज्याला कुणी सांगितलेला नाही, तो विद्यार्थी चिन्हाकडे कितीही वेळ पाहत बसला तरी त्याला दोष सापडणार नाही, कारण दोष चिन्हात नाहीच.

वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेत वेगळाच नियम आहे. तिथे दोन्ही बाजूंचे मजकूर संख्येसारखे दिसत असतील तर ते संख्या म्हणूनच तपासले जातात, म्हणून "११२" > "६५" हे तिथे खरे येते. ही सोय पावसाच्या आकड्याला उपयोगी पडते, पण बैठक क्रमांकासारख्या गोष्टीला घातक ठरते, कारण "००७" आणि "७" हे दोन वेगळे मजकूर पीएचपीचे == हे चिन्ह समान मानते. पायथन या भाषेची वागणूक मला शिकवण्यासाठी सर्वांत योग्य वाटते. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये मजकूर आणि संख्या यांच्यात < किंवा > वापरले तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि या दोन प्रकारांची तुलना करता येत नाही असे स्पष्ट सांगतो. पायथन २ मध्ये असे होत नसे. कोणतीही संख्या कोणत्याही मजकुरापेक्षा लहान धरली जाई आणि काम तसेच पुढे चाले. पायथन ३ मध्येसुद्धा == मात्र थांबवत नाही. मजकूर "६५" आणि संख्या ६५ समान आहेत का असे विचारले तर तो शांतपणे ‘खोटे’ म्हणतो. म्हणून डेटा वाचताक्षणी तो संख्येत बदलून घेण्याची सवय पायथनमध्येही लावावीच लागते.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्ल या भाषेने हा प्रश्न चिन्हे वेगळी ठेवून सोडवला. संख्यांसाठी > आणि मजकुरासाठी ‘जीटी’ (‘ग्रेटर दॅन’, म्हणजे ‘पेक्षा मोठे’) ही दोन अक्षरे. बॅश शेलमध्ये, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेमके उलटे आहे. तिथे संख्यांसाठी ‘-जीटी’, ‘-एलटी’, ‘-ईक्यू’ (मोठे, लहान, समान) असे लिहावे लागते आणि दुहेरी चौकटी कंसातले > हे मजकुराची तुलना करते. एकेरी चौकटी कंसात तर > हे तुलनेचे चिन्हच नाही. ते आउटपुट फाइलकडे वळवण्याचे चिन्ह आहे. म्हणून [ ७ > ६५ ] असे लिहिले तर ‘६५’ या नावाची एक रिकामी फाइल तयार होते आणि अट खरी ठरते, मग पाऊस ७ असो वा ११२. ‘-जीटी’ वापरावे, तर त्याला पूर्णांकच चालतात, ६४.५ असा दशांश आकडा आला की एरर येते, अट पूर्ण झाली नाही असे धरले जाते आणि प्रवाह ‘एल्स’ (‘नाहीतर’) कडे जातो. दुहेरी चौकटी कंसात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची (जिच्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात) समजली जाते, त्यामुळे महिन्याचा आकडा ०१ पासून ०७ पर्यंत सुरळीत चालतो आणि ०८ व ०९ ला, म्हणजे ऐन ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाळ्यात, स्क्रिप्ट अडते. शेल स्क्रिप्ट शिकवताना हे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

नोंदच नसलेल्या आकड्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पर्जन्यमापक बंद पडला, कुणी वाचन घेतले नाही, रकाना रिकामा राहिला, असे होतच असते. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा आहे. ‘पाऊस शून्य’ असा नाही. जावास्क्रिप्टमध्ये रिकामा मजकूर संख्येत बदलताना शून्य होतो, म्हणून ‘पाऊस < १०’ ही अट रिकाम्या रकान्यालाही खरी ठरते आणि नोंद नसलेले मंडळ कोरड्या मंडळांत जमा होते. ‘नल’ हे ‘काहीच नाही’ असे दर्शवणारे मूल्य असेल तर प्रकार आणखी विचित्र होतो. नल >= ० हे खरे, नल > ० हे खोटे आणि नल == ० हेही खोटे. रकान्यात "नोंद नाही" असे शब्द असतील तर त्यांची संख्या होऊ शकत नाही; ‘संख्या नव्हे’ असे एक विशेष मूल्य तयार होते आणि त्याच्याशी केलेली <, >, <=, >= आणि == यांतली प्रत्येक तुलना खोटी येते, त्याची स्वतःशी केलेली समानतासुद्धा. पीएचपीच्या आठव्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर २०२० पूर्वी, ० == "नोंद नाही" हे चक्क खरे येत असे, कारण शब्दांचे संख्येत रूपांतर होऊन शून्य होई. आठव्या आवृत्तीने हा नियम बदलला. पण जिथे जुनी आवृत्ती चालू असेल तिथे ‘नोंद नाही’ आणि ‘शून्य’ यांतला भेद आजही पुसला जातो. दुष्काळाच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला हा भेद किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको.

समानतेच्या चिन्हाबद्दल जावास्क्रिप्टपुरता एक इशारा इथेच देते. तिथले == हे चिन्ह तुलनेआधी प्रकार बदलून घेते, त्यामुळे शून्य ही संख्या रिकाम्या मजकुराशी समान ठरते, "०" या मजकुराशीही समान ठरते, पण ते दोन मजकूर एकमेकांशी समान नसतात. १९९९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीपासून === हे कडक चिन्ह उपलब्ध आहे, जे प्रकार बदलत नाही. नवशिक्यांना सुरुवातीपासून तेच शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर सीमेचा प्रश्न. दहावीला एखाद्या विषयात ३५ गुण मिळाले की विद्यार्थी त्यात उत्तीर्ण होतो. ‘गुण > ३५’ असे लिहिणारी स्क्रिप्ट नेमका काठावरचा विद्यार्थी नापास करते. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार मतदाराचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी नसावे; ‘पेक्षा कमी नाही’ याचे चिन्ह >= असे होते, > असे नाही. ५० पैशांच्या पैसेवारीत शब्द ‘पेक्षा कमी’ आहेत, म्हणून तिथे < हवे, आणि बरोबर ५० पैसे आलेले गाव त्या अटीबाहेर राहते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळाचे निकष बदलले, तरी पैसेवारी जाहीर होतच असते आणि ही सीमा गावकऱ्यांच्या तोंडी आहे. नुकसानभरपाईत २०१५ पासूनची मर्यादा ‘३३ टक्के व त्याहून अधिक’ अशी आहे, त्यापूर्वी ती ५० टक्क्यांची होती; इथे >= हवे. अतिवृष्टीची मर्यादा मात्र बातम्यांत कधी ‘६५ मिलिमीटरपेक्षा जास्त’ अशी, तर कधी ‘६५ मिलिमीटर व त्याहून अधिक’ अशी छापून येते, आणि भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासूनच सुरू होतो. ६४.८ मिलिमीटर नोंदवणारे मंडळ एका निकषात बसते, दुसऱ्यात बसत नाही, नेमके ६५.० नोंदवणारे मंडळ तर केवळ शब्दांच्या फरकाने आत किंवा बाहेर जाते. म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, की मर्यादा छापताना मूळ आदेशातले शब्द जसेच्या तसे द्यावेत. आपले दैनिक वाचूनच अनेक जण आपला आकडा कुठे बसतो ते ताडून पाहतात.

‘पेक्षा कमी नाही’ आणि ‘इतके किंवा अधिक’ हे गणितात एकच असले, तरी वर सांगितलेले ‘संख्या नव्हे’ हे मूल्य आले की स्क्रिप्टमध्ये ते एक राहत नाहीत. वय १८ पेक्षा कमी आहे का, याचे उत्तर ‘खोटे’ येते, ते उलटवले की ‘खरे’ होते. पण वय १८ किंवा अधिक आहे का, असे थेट विचारले तर उत्तर ‘खोटे’ येते. म्हणून रिकामी आणि अवैध मूल्ये तुलनेच्या आधीच वेगळी काढावीत. अटीच्या ‘एल्स’ मध्ये ती वाहून जाऊ देऊ नयेत.

जोडतुलनेचाही उल्लेख करायला हवा. ‘६४.५ <= पाऊस <= ११५.५’ असे पायथनमध्ये लिहिता येते आणि त्याचा अर्थ वहीतल्या गणितासारखाच होतो. जावास्क्रिप्टमध्ये तीच ओळ चालते, पण आधी डावी तुलना होऊन ‘खरे’ किंवा ‘खोटे’ येते, ते १ किंवा ० धरून ११५.५ शी ताडले जाते आणि उत्तर नेहमी ‘खरे’ येते. तिथे दोन तुलना ‘आणि’ च्या चिन्हाने जोडाव्या लागतात. एकेरी = हे मूल्य ठेवण्याचे चिन्ह आहे, तुलनेचे नव्हे; जावास्क्रिप्ट आणि पीएचपी ते अटीत चालवून घेतात, पायथन घेत नाही. दशांश संख्यांची == ने तुलना करू नये, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात ०.३ च्या अगदी जवळ येते, पण दशांश चिन्हानंतर सतराव्या स्थानी ४ उरतो आणि समानता खोटी ठरते. रोजच्या पावसाची बेरीज करताना हे लक्षात ठेवावे.

शेवटचा मुद्दा मराठी मजकुराचा. तो आपल्या पाठ्यक्रमांत जवळपास येतच नाही, हे मला खटकते. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली; ज्या स्क्रिप्टमध्ये जिल्हा == "उस्मानाबाद" असे लिहिलेले आहे तिला नव्या नोंदी दिसतच नाहीत. ‘पऱ्हाटी’ हा शब्द युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ‘ऱ’ हे अक्षर वापरून टंकता येतो, तसाच साध्या ‘र’ ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण == त्यांना वेगळे म्हणते, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या सोयीनेही, हा फरक मिटत नाही; तो स्वतः लक्षात घेऊन मिटवावा लागतो. देवनागरी अंकांचे तसेच आहे. पायथन "६५" या देवनागरी मजकुराची संख्या करून देतो, जावास्क्रिप्ट देत नाही. आणि < हे चिन्ह मराठी नावे लावताना युनिकोडमधल्या क्रमांकानुसार चालते, त्यामुळे आपल्या वर्णमालेत ‘ह’ नंतर येणारा ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जाऊन बसतो.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि तंत्रनिकेतनांना माझे सांगणे एवढेच आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत ‘तीन संख्यांतली सर्वांत मोठी शोधा’ या प्रश्नाच्या जोडीला एक खराखुरा, अस्वच्छ डेटा द्यावा. पावसाची एक फाइल, जिच्यात ७, ६४.५, ६५ आणि ११२ असतील, एक रकाना रिकामा असेल, एकात ‘नोंद नाही’ असेल, एकात देवनागरी अंक असतील आणि एका जिल्ह्याचे नाव जुने असेल. विद्यार्थ्याने अट लिहावी, प्रत्येक ओळीला काय उत्तर येईल ते चालवण्यापूर्वी कागदावर लिहावे, मग स्क्रिप्ट चालवून ताडून पाहावे, आणि निम्मे गुण त्या कागदाला असावेत. याला नवे यंत्र लागत नाही, नवा निधी लागत नाही. परभणी, हिंगोली, बीड अशा कोणत्याही गावातल्या साध्या प्रयोगशाळेत हे येत्या सत्रापासून करता येईल.

कळावे.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक अध्यापिका, परभणी